तक्कोलमला वाचलेला राजपुत्र

तिरुवल्लिकेणीत आमच्या शेजारी तुळजाजीराव राहत. कचेरीत अगदी मवाळ कारकून. पण त्या वर्षी दसऱ्याच्या संध्याकाळी ते सेनापती होते. नवरात्रात बायकोने, अन्नपूर्णाबाईंनी, पायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलू मांडला होता. त्यातले मातीचे शिपाई, घोडे, हत्ती त्यांनी जमिनीवर उतरवले आणि हजार वर्षांपूर्वीची तक्कोलमची लढाई मांडली. समोर राष्ट्रकूटांकडून त्यांचे मित्र चंद्रमौळी. त्या लढाईत चोळ राजपुत्र हत्तीवरच मारला गेला होता, आणि दोघांच्या दरवर्षीच्या या खेळातही तो पडे. यंदा त्याला वाचवायचाच, असा तुळजाजींचा हट्ट होता.

"मराठी असून चोळांची बाजू?" चंद्रमौळींनी चिडवले.

"सात पिढ्या त्यांच्याच कावेरीचा भात खाल्लाय, रे!"

फाशांऐवजी एका बाजूने घासून पांढरे केलेले चार चिंचोके होते. राष्ट्रकूट सेनापती हत्तीला भिडला. चारही पांढरे पडले की राजपुत्र मेला. चंद्रमौळींनी मूठ उचलली. आम्ही शेजारी वाकून बघू लागलो.

तेवढ्यात अन्नपूर्णाबाई आल्या. "अहो! दसऱ्याच्या रात्री एक बाहुली निजवायची आणि सकाळीच कोलू उतरवायचा, ही रीत सोडून आधीच मोडलात?" असे म्हणत त्यांनी हाताला लागली ती बाहुली घाईने आडवी केली. तो राष्ट्रकूट सेनापती होता!

"वैनी, उठवा त्याला!" चंद्रमौळी म्हणाले.

"निजवलेली बाहुली सकाळपर्यंत कुणी उठवतं का?"

"आणि आडवा पडला तो मेला, हा नियम तुझाच, चंद्रमौळी!" तुळजाजी ओरडले, आणि पन्नाशीतला तो माणूस हत्ती छातीशी धरून घरभर नाचला.