आपट्याच्या मडक्यावरची खूण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रविवारच्या मंडळातल्या मित्रांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि बघा ना, लिहायला बसलो तर छाती अशी धडधडतेय, जणू ते मडकं आत्ताच कुणी माझ्या हातात ठेवलंय. खरं तर लाज वाटायला हवी. वाटतेही. पण आधी आठवतो तो आनंदच — आता ते तरी कशाला लपवू?

मी विज्ञानाचा शिक्षक, निवृत्त. नवीन पनवेलला राहतो. रविवारी सकाळी आम्ही दहाबारा जण वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो. जुनी नाणी, शिलालेख, किल्ले अशा गप्पा चालतात. माझा लाडका विषय म्हणजे भलत्या जागी, भलत्या काळात सापडलेल्या वस्तू. ज्या तिथे असायलाच नकोत, आणि आहेत! मी बोलायला लागलो की मंडळी चहा मागवत. नीलाताई रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, आमच्यात सगळ्यांत कडक. त्या एवढंच विचारत, "पुरावा काय, सर?" पुरावा माझ्याकडे कधीच नसायचा.

आणि तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, भगतशेठचा फोन आला. भगतशेठ मंडळात अधूनमधून येतात. त्यांची आपट्याला पाताळगंगेच्या काठी वीटभट्टी आहे. भट्टीसाठी माती खणताना एका बाईला मडकं सापडलं होतं, आणि मडक्यात तांब्याची नळी होती. नळीत लोखंडी गज.

तांब्याची नळी आणि लोखंडी गज! तुम्हाला कदाचित माहीत असेल, इराकमध्ये असंच एक भांडं सापडलंय, आणि ती त्या काळातली बॅटरी होती की नाही यावर अजून वाद चालू आहे. मी जेवणाचं ताट तसंच टाकून स्कूटर काढली. कर्नाळ्याचा सुळका कधी मागे पडला मला कळलंसुद्धा नाही.

ज्या बाईला ते सापडलं ती बेबी वाघमारे. कातकरी, तिशीपस्तिशीची. नवरा-बायको दोघंही दर हंगामाला त्या भट्टीवर यायचे. ती मला हाताला धरल्यासारखी खड्ड्यापाशी घेऊन गेली. पुरुषभर खोल खड्डा, आणि त्याच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर, मडक्याचा साचा उमटलेला. गोल, गुळगुळीत, ओला. वरची गाळाची माती कुठेही हललेली नव्हती. मडकं तिथे कुणी नंतर आणून पुरलेलं नाही, हे तो साचा बघून शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मी त्यात हात घातला. गार होता. हा साचा लक्षात ठेवा. त्याच्याबद्दल मला पुढे बोलावं लागणार आहे.

मडकं टॉवेलात गुंडाळून मी घरी आणलं. मागच्या गॅलरीत बसून जुन्या टूथब्रशने धुवायला घेतलं. त्याआधी एक फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. फोन सारखा वाजत होता, मी उचलत नव्हतो. बुडाकडची माती सुटायला लागली आणि खाली काहीतरी कोरलेलं दिसलं. अक्षर! कुठली लिपी? मी बोट ओलं करून हळूच फिरवलं.

"८ ब."

तुम्ही हसलात ना? मीही हसलो. एकटाच, मोठ्याने. कारण एका क्षणात सगळं आठवलं. नोकरीची पहिली चार वर्षं मी आपट्याच्याच शाळेत होतो. त्या इराकी भांड्याविषयी कुठेतरी वाचलं आणि आठवीच्या मुलांना घेऊन तसंच्या तसं करायचं ठरवलं. कुंभाराकडून कच्चं मडकं आणलं, मुलांनी बुडाला खिळ्याने वर्ग कोरला, मग भाजून घेतलं. तांबं माझ्या आईच्या फुटक्या बंबाचं. तोंडाला डांबर. लिंबाचा रस ओतल्यावर मीटरचा काटा हलला तेव्हा मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला होता. विज्ञान प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं नाही. ते मागच्या खोलीत पडून राहिलं. माझी बदली झाली. पुढे मोठ्या पुरात शाळेची ती खोली वाहून गेल्याचं कानावर आलं होतं. त्याच पुराच्या गाळात वीसेक वर्षं आमचं मडकं झोपलं होतं.

किती सुंदर गोष्ट होती ही! रविवारी मंडळात सांगितली असती तर सगळे खदखदून हसले असते आणि विषय संपला असता.

पण मी फोन उघडला. ग्रुपवर माझं नाव, माझं अभिनंदन. ज्यांनी माझं बोलणं चालू असताना चहा मागवला होता, ते विचारत होते की सर, आम्हाला कधी दाखवताय? माणूस किती पटकन ठरवतो — तुम्ही कधी अनुभवलंय? मी हत्यारांच्या डब्यातून पॉलिश पेपर काढला आणि "८ ब" घासून टाकलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. वर परत थोडी माती चोळली.

पुढचे दोन महिने मी जन्मात जगलो नव्हतो तसा जगलो. रविवारी खोलीत माणसं मावेनात, म्हणून सभागृह घेतलं. दोन तट पडले. मी म्हणायचो, कोकण किनाऱ्यावर पश्चिमेकडची गलबतं लागत होती, मग एखादं भांडं खाडीतून वर आपट्यापर्यंत का येणार नाही? आणि इराकच्या भांड्याशी हे साम्य बघा, माप बघा! साम्य असणारच होतं — मीच नक्कल केली होती. नीलाताई नळीच्या कथलाने जोडलेल्या सांध्यावर, तोंडाच्या डांबरावर बोट ठेवायच्या. मी प्रत्येक मुद्दा परतवायचो. मी इतकं चांगलं कधीच बोललो नव्हतो, वर्गातसुद्धा नाही. आणि खरं सांगू? बोलताना मला ते खरंच प्राचीन वाटायचं. मधल्या एका सभेत बेबीचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. ती शाल दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती. माझ्याकडे बघून हसली.

मग तो रविवार. भगतशेठ बेबीलाही घेऊन आले होते. नीलाताई भिंग घेऊन आल्या. मडकं उलटं केलं, बराच वेळ बघितलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "इथे कुणीतरी पॉलिश पेपर मारलाय. अलीकडेच. खूण होती, ती घालवलीये."

आता सापडलो, असं वाटलं — आणि कुणाचीही नजर माझ्याकडे वळली नाही. तुम्हाला कळतंय का? त्या सभागृहात माझ्यावर संशय घेणं कुणाला सुचलंच नाही. सगळे बेबीकडे बघत होते. भगतशेठ तिच्यावर ओरडले, की तुला कुणी शिकवलं हे, कुणी आणून दिलं, माझ्या भट्टीचं नाव घालवलंस. मागून कुणी म्हणालं की ह्या लोकांना सत्काराची चटक लागते. नीलाताईंनी मध्ये पडून बाईला बोलू द्या म्हटलं, पण त्यांचं ऐकतो कोण?

बेबी रडली नाही. ती सरळ माझ्याकडे वळली.

"गुरुजी, तुमी सांगा यांना. मातीत त्याचा ठसा व्हता, तुमी हात घातलाव त्यात. मी खोटं बोललू नाय."

आता तो साचा. मडकं कुणी केलं, हे मला सांगायची गरजसुद्धा नव्हती. हो, ठसा मी पाहिलाय, माती हललेली नव्हती, एवढं म्हटलं असतं तरी ती सुटली असती. पण मग पुढचा प्रश्न आला असता — खूण घासली कुणी? मडकं तर तेव्हापासून माझ्याच घरी होतं.

मी म्हणालो, "मी पोचलो तेव्हा मडकं बाहेर काढलेलं होतं."

एवढंच. शब्दन्शब्द खरा. आयुष्यात याहून मोठं खोटं मी बोललेलो नाही. तिने माझ्याकडे क्षणभर बघितलं. रागाने नाही, मला तिचं नीट ऐकू आलं नसेल, परत विचारावं का, अशा नजरेने बघितलं. मग पदर खोचला आणि निघून गेली. त्याच आठवड्यात दोघांना भट्टीवरून काढलं. हंगाम अर्धा राहिला होता. मंडळात सगळे माझी समजूत काढत होते — सर, तुम्ही भोळे, तुम्हाला फसवलं. मी मान डोलवत होतो. मडकं भगतशेठ फेकायला निघाले होते. ते मी मागून घेतलं. माझ्या कपाटात आहे.

म्हणून आता इथे सरळ लिहून ठेवतो. मडकं मी आणि आठवी ब च्या मुलांनी केलं. खूण मी घासली. बेबी वाघमारे पहिल्यापासून शेवटपर्यंत खरं बोलत होती, आणि हे त्या सभागृहात फक्त मला माहीत होतं.

गेल्या जूनमध्ये ती मला पनवेलच्या बाजारात दिसली. शेवळाच्या, त्या पावसाळी रानभाजीच्या, जुड्या घेऊन बसली होती. मी वळणार, तेवढ्यात तिने हाक मारली. तब्येत विचारली. आता कर्जतकडच्या भट्टीवर जातात, म्हणाली. मग जुड्या निवडता निवडता सहज बोलावं तशी म्हणाली, "गुरुजी, ते मडकं कुनी ठेवलं आसंल वो तिथं? मी आजून नवऱ्याला इचारते. लय जुनं आसंल ना?"

अख्ख्या पनवेलमध्ये त्या मडक्याचा विचार करणारी आता ती एकटीच उरली होती. मी तोंड उघडलं. मागे गिऱ्हाईकं उभी होती, कुणी घाई करत होतं. "असेल," मी म्हणालो.

ती खूश झाली. शेवळं खाजू नयेत म्हणून त्यात काकडं, ती आंबट रानफळं, घालतात. तिने माझ्या पिशवीत शेवळाच्या दोन जुड्या ठेवल्या आणि वरून मूठभर काकडं जास्तीची टाकली. गुरुजींना म्हणून.

मी ती घेतली.