लाइनीच्या शेवटचा नळ

गावात कोण कसा आहे, ते तलाठ्याला विचारू नका, मला विचारा. पेणच्या खाडीकडच्या आमच्या गावात नळाचा व्हॉल्व्ह मी उघडतो. एप्रिल लागला की एक दिवसाआड चाळीस मिनिटं पाणी. त्या चाळीस मिनिटांत माणूस जसा दिसतो, तसा एरवी वर्षभर दिसत नाही. मग किस्से साठणारच!

लाइनीच्या शेवटाला, मिठागराच्या बांधाशी, ताराकाकीचं घर. नळ आहे, पण उन्हाळ्यात पाणी तिथवर पोचतच नाही. सत्तरीची बाई देवळाजवळच्या नळावरून हंडा वाहते. भेटली की एकच प्रश्न, "दिनू, माझ्या नळाला कधी रं?" यंदा मी बोलून बसलो, "या उन्हाळ्यात आणतोच!" आणि माझी झोप उडाली.

* * *

पाणी जातं कुठे, ते बघायला निघालो. सुमनवहिनी भरलेला अख्खा ड्रम अंगणात ओतत होत्या.

"वहिनी, हे परवाचंच पाणी ना?"

"व्हय, म्हणून तर! शिळं पाणी ठेवू काय घरात?"

"अहो, टाकीतलं पाणीच चार दिवसांचं असतं!"

वहिनींनी ड्रम ओतायचा थांबवला. मला वाटलं, पटलं. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत त्यांचा अर्ज आला : गावाला शिळं पाणी सोडतात, चौकशी व्हावी!

* * *

मग मोटरा. थेट लाइनीला मोटर लावायची नाही, असा ठराव होता. विचारलं तर सगळे म्हणाले, "आमच्याकडं मोटरच नाय." मी वायरमनला चहा पाजला आणि पाण्याच्या वेळेत गावाची लाईट बंद ठेवायला सांगितलं.

पाचव्या मिनिटाला अकरा जण माझ्याकडे धावत आले. "लाईट गेली, मोटर बंद पडली!"

मी वही काढून नावं लिहायला लागलो. पहिला होता पाणी कमिटीचा अध्यक्ष. ठराव त्यानेच मांडला होता.

* * *

विलासशेठचा गणपतीचा कारखाना. शाडू मळायला रोज चार ड्रम गोडं पाणी लागायचं. मी म्हटलं, बोअरचं वापरा. त्यांनी ऐकलं, बिचाऱ्यांनी. बोअर खारी! मूर्ती वाळल्या आणि सोंडेवर पांढरं मीठ फुटलं. शेठ डोक्याला हात लावून बसले. त्यांचा कारागीर म्हणाला, "शेठ, गिऱ्हाइकाला सांगू, उन्हानं देवाला घाम आला!"

शेवटी हातपाय, भांडी धुतलेलं पाणी ड्रममध्ये निवळून त्यातच माती मळायला लागले. आता गोड्या पाण्याचा एकच ड्रम लागतो.

* * *

सरपंचबाईंनी घरातही नियम केला : माणशी एक बालदी. त्यात रोह्याचे जावई आले. दुसरी बालदी मागितली आणि वर म्हणाले, "आमच्याकडं कालव्याला धो धो पाणी हाय!"

बाई आतून म्हणाल्या, "मग आंघोळ करूनच यायचं होतंत!"

* * *

एवढं सगळं झाल्यावर मे महिन्यातल्या एका सकाळी व्हॉल्व्ह उघडला आणि सायकल मारत बांधापर्यंत गेलो. काकीचा नळ आधी खोकला, मग गंजाचं लाल पाणी थुंकला आणि मग चांगली धार लागली. खरं सांगतो, मला रडू आलं. काकीला दिसू नये म्हणून लगेच परत फिरलो.

दहा मिनिटांनी राहवेना, म्हणून पुन्हा बघायला गेलो. नळ बंद! दारात दोन हंडे भरलेले आणि काकी ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली.

"काकी, पाणी गेलं?"

"नाय रं. मीच बंद केला. दोन्ही हंडं भरलं."

"अगो काकी, अजून वीस मिनिटं हायत! भरून ठेव ना सगळं!"

काकीने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"कशात भरू? इतकी वर्सं पाणीच आलं नाय, तर भांडी कशाला घेऊ?"