फिलूने वेणी का कापली

मैत्रिणींनो, सत्तरच्या सुमारास अंधेरीच्या आपल्या शाळेत प्रार्थनेआधी फिलू सगळ्यांच्या रिबिनी बांधून द्यायची, आठवतं?

गेल्या महिन्यात तिने स्वतःची वेणीच कापली. म्हणाली, "कंगवा लागला की कानशील ठणकतं गं." चावताना जबडाही दुखायचा. मी हसले, "म्हातारे, कवळी बसव आता!"

आज सकाळी तिला एका डोळ्याने दिसेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, "कानशिलातल्या रक्तवाहिनीला सूज आहे. दुखत होतं तेव्हाच यायला हवं होतं. आता औषध देऊन दुसरा डोळा वाचवायचाय."

हॉस्पिटलमधून फिलूने सांगितलंय, आता विणणं जमायचं नाही: अर्धी विणलेली लेस आपल्या वर्गातल्या हिल्डाला, सुया मालाडच्या कुंदाला द्यायच्या. कंगवा मला. "रोज विंचर. आणि दुखलं तर हसू नकोस, सांग."