दसऱ्याच्या तोफेला थांबणारा घोडा

देवीनं माझं ऐकलं की नाही, हे मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. म्हैसूरच्या घोडदळातून लढाईवर निघताना चामुंडीच्या टेकडीवर मी एकच मागणं मागितलं होतं. आई, माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण धाकट्या बहिणीचं कुंकू राख. तिचा नवरा माझ्याच तुकडीत होता.

तुर्कांकडून हैफा शहर घ्यायचं त्या सकाळी माझा घोडा लंगडला. भावोजींनी आपला घोडा, राजा, माझ्या हाती दिला आणि स्वतः एक नवा, तापट घोडा घेतला. मी नको नको म्हणत होतो. "तुम्ही या नव्या घोड्यावरून पडलात तर घरी मला जेवायला कोण वाढेल?" म्हणून ते हसले. राजा दसऱ्याच्या मिरवणुकीतला. सलामीची तोफ झाली की जागच्या जागी उभं राहायचं, हे त्याला भावोजींनीच हरभरे चारून शिकवलेलं. आजवर वाळवंटात आम्ही नुसती गस्त घातलेली, त्यामुळे ही सवय दोघांच्याही ध्यानात आली नाही.

डोंगरावरून तुर्कांची तोफ धडाडली आणि भर दौडीत राजा थांबला. मी टाचा मारल्या, शिव्या दिल्या, शेवटी रडलो, पण जनावर हलेना. डोळ्यांदेखत पुढची रांग मशीनगनच्या माऱ्यात आडवी झाली. भावोजी त्याच रांगेत होते. त्या दिवशी शहर आमचं झालं. सगळे जयजयकार करत होते आणि मी त्यांचा फेटा शोधत फिरत होतो.

घोडे तिकडेच राहिले. राजाचा लगाम तेवढा घेऊन आलो आणि बहिणीला सगळं सांगितलं. ती उठून आत गेली. मला वाटलं, हिनं मला कायमचं टाकलं.

खंडेनवमीला भाल्याशेजारी तो लगाम पूजेला मांडला. आमच्यात विधवा पूजेच्या कुंकवाला हात लावत नाही. बहीण उठली, चिमूटभर कुंकू घेतलं आणि लगामाला लावलं. शेजारीण "अय्यो" म्हणाली, तिकडे तिनं पाहिलंही नाही.

"घोडा त्यांनी दिला, अण्णा. थांबवला देवीनं. तुझ्या हातात काय होतं?"

दुसऱ्या दिवशी राजवाड्यावर सलामीची तोफ झाली. रस्त्यात मी होतो तिथेच उभा राहिलो, हात जोडले. आई, तू दिलंस ते माझं आयुष्य मी माथ्यावर घेतलं, आता हिशेब विचारत नाही. पण मागितले होते ते भावोजी.