खोड आधी सांगायची

धारूरात माझ्या शेजारच्या गच्चीवर बसून एक पोरगा पुण्याच्या कंपनीची नोकरी करतो. चहा बशीत ओतून विसरतो, फोन कायम स्पीकरवर. प्रोग्राम मशीनला समजेल अशा भाषेत उतरवणारा कंपायलर तो बनवतो. परवा नव्या आवृत्तीची माहिती लिहिताना त्यानं पहिल्याच ओळीत टाकलं, जुन्या मशीनवर कधीकधी उत्तर चुकतं. वाढलेला वेग त्याखाली.

साहेब फोनवर भडकले. "दोष शेवटी टाक!"

"न्हाई जमायचं. आमच्या बाजारात बैल इकताना खोड आधी सांगतेत, वशिंड मग दाखवतेत."

"मग मी दुसरा माणूस बघतो."

त्यानं गार चहा एका दमात संपवला.

"बघा की. पण त्याला घेताना ह्या नोकरीची खोड आधी सांगा."