जेवणाआधीचं नाव

आईच्या बाप्तिस्म्याचा दाखला आणायला मी आमच्या गावच्या जुन्या मिशनमध्ये गेलो, तेव्हा दुपारची पानं वाढली जात होती. म्हाताऱ्या फादरांनी मला आग्रहाने बसवून घेतलं. टेबल बारा जणांचं, आणि त्याच्या एका टोकाला ते एकटे.

घास घेण्याआधी त्यांनी एक जाड वही उघडली आणि मोठ्याने वाचलं. त्यांच्या धर्मसंघातले एक फादर कधीकाळी याच तारखेला तापाने गेले होते. त्यांचं नाव, त्यांचं दूरदेशीचं गाव. स्वयंपाकघराच्या दारातून स्वयंपाक करणाऱ्या सरूबाई ओल्या हातांनी म्हणाल्या, "देवा, त्यांना शांती दे." मग आम्ही जेवलो.

ही त्यांच्या संघाची रोजची रीत. आई, घर, बोली, सगळं सोडून आलेली ही माणसं. मागे मूलबाळ नाही, म्हणून उरलेल्यांनी गेलेल्यांचं नाव घ्यायचं. पूर्वी टेबल भरलेलं असेल, नाव ऐकताना आमटी निवत असेल. वाचणारा एकच उरेल, हे रीत घालून देणाऱ्यांच्या मनातही आलं नसेल.

"आता नवीन कुणी येत नाही," एवढंच फादर म्हणाले आणि भाकरी मोडू लागले.

निघताना मागच्या दारी सरूबाई भांडी घासत होत्या. ती वही माझ्या डोक्यातून जात नव्हती. मी विचारलं, "मावशी, तुम्हाला लिहिता-वाचता येतं?"

"नाही हो. फादरांचं नाव तेवढं लिहिता येतं. त्यांच्याकडूनच गिरवायला शिकले." त्या खाली बघत म्हणाल्या, "कशाला, ते त्यांनी विचारलं नाही."