पाटलांच्या माठातलं पाणी

आमच्या शाळेच्या आरोग्याच्या नाटुकल्यावर कडावची माणसं अजून हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

आरोग्य सप्ताह होता. मुलांनी तयार केलेलं गावाला करून दाखवायचं, कर्जतहून आरोग्य खात्याचे साहेब बघायला येणार. आमच्या चौथीकडे पाणी हा विषय आला. पिण्याच्या माठात हात बुडवू नये, लांब दांड्याच्या ओगराळ्यानं पाणी घ्यावं, एवढाच धडा. एक घाणेरडी मुलगी माठात हात घालते आणि ते पाणी पिऊन बाकीची पोरं पोट धरून लोळतात. घाणेरडी मुलगी कोण, याचा गुरुजींना विचार करावा लागला नाही. वर्गात बौद्धवाड्यातली मी एकटी होते.

धर्म बदलून आम्हाला फार वर्षं झाली नव्हती. गावच्या विहिरीवर आमच्या कळशीत अजून वरूनच पाणी ओतत. माठ पाटलांच्या घरचा, म्हणून गुरुजींनी मला बजावलं, "हात वरच्यावर फिरव. माठाला लागता कामा नये." लोक म्हणतात, गुरुजी मनानं चांगले होते. असतील, त्यांच्या घरी!

मी घरी तालीम करताना आईनं पाहिलं आणि भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"तू घाणेरडी नाय गं. सरळ ओगराळ्यानं पानी घे नि पी. धडा तोच हाय ना?"

नाटुकल्याच्या दिवशी सकाळी तिनं माझी नखं कापली आणि हात राखेनं लाल होईस्तोवर घासले.

शाळेच्या पटांगणात गाव जमलं. पाटलीणबाई पुढं, आई पार मागं. मी माठापाशी गेले. ओगराळं उचललं, माठात बुडवलं, पेल्यात पाणी घेतलं आणि सगळ्यांदेखत प्यायले. लोळणारी पोरं बावचळून उभीच राहिली. एकटा मात्र ठरल्याप्रमाणे पोट धरून पडला आणि सगळे खदखदून हसले.

गुरुजी दातओठ खात होते. साहेबांना वाटलं, नाटुकलं असंच आहे. "शाबास!" म्हणाले, टाळ्या वाजवल्या आणि जीपमधून निघून गेले.

जीप वळताच पाटलीणबाई उठल्या. त्यांनी माठ दगडावर आपटून फोडला. पाणी माझ्या पायांखालून वाहिलं. ओगराळं पितळेचं, ते फेकवेना. गड्याला म्हणाल्या, "चिंचेनं घासून घे रं."

आई गर्दीतून पुढं आली. तिनं माझा हात धरून वर केला.

"माज्या पोरीचे हात सकाळीच घासल्यात, बाई. आता तुमचे घासा."

कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर आमच्या कळशीत कुणी पाणी ओतेना. उन्हाळाभर आईनं नदीतलं गढूळ पाणी फडक्यानं गाळून आणलं. ते पिऊन माझा धाकटा भाऊ खरोखरच पोट धरून लोळला. ते पाहायला गुरुजी आले नाहीत.